कुत्री न भुंकणारी गल्ली

वाऱ्यावर वाढ्यांचा वास आला, की मी आधी दाराची कडी बघते. वाढं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा. तोडणीवाल्यांचा कोयता चालायला लागला की शेंडे उडतात, बांधावर ढीग पडतात, आणि दिवस कलेपर्यंत सगळ्या शिवारावर एक ओला, गोडसर वास धरतो. आमच्या गायी या वासानं दावणीला नुसत्या नाचतात. लग्न होऊन मी वारूळवाडीजवळच्या या मळ्यावर आले, तेव्हा मलाही तो आवडायचा. टोळ्या आल्या, त्यांच्या कोप्या म्हणजे झोपड्या पडल्या, आता थंडी पडणार, आता घराच्या दारातून लांबवरचं दिसायला लागणार, असं वाटायचं. लांबवरचं दिसतं अजूनही. पण ऊस पडला की उसात राहणारा बाहेर पडतो, हे आता आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

त्याचं नाव आमच्यात सहसा घेत नाहीत. कुणी ‘पावणा’ म्हणतं. आमचे हे त्याला ‘साहेब’ म्हणतात. “काल साहेब कालव्याला येऊन गेलं,” असं चहाचा घोट घेता घेता सांगतात, जणू तलाठी येऊन गेला. बिबट्या म्हणतात ते टीव्हीवाले. घाबरलेल्या माणसाला थट्टेचाच आधार असतो, त्यामुळं मी यांना काही बोलत नाही. पण मला या वासात थट्टा सुचत नाही. गेल्या हंगामात, हाच वास नाकात घेऊन, मी माझी लेक पुण्याला कोरेगाव पार्कात नेऊन ठेवली.

कोरेगाव पार्क ही पुण्यातली बड्या लोकांची वस्ती. तिथं पहिल्यांदा जाणाऱ्यानं काय काय बघावं, हे मला कुणी विचारलं, तर मी बसल्या बसल्या सगळं सांगू शकते. वडाची गल्ली सांगीन, नाल्याकाठची बाग सांगीन, केकचं दुकान सांगीन. राहायची सोय कशी असते तेही सांगीन. पण खरं विचाराल तर तिथं गेल्यावर आधी कुत्री बघावीत. आम्ही तरी आधी तीच बघितली, आणि आमची पाचावर धारण बसली.

ते समजायला आमच्याकडची रीत माहीत पाहिजे. दिवस मावळला की आम्ही एकटं बाहेर पडत नाही. पडलो तर पोरं मधे, मोठी माणसं मागंपुढं. बाहेर कुणी खाली बसायचं नाही, चप्पल सुटली तरी वाकायचं नाही, कारण वाकलेलं माणूस त्याला शेळीएवढं दिसतं. तोंड बंद ठेवायचं नाही. बोलायला काही नसलं तर फोन वाजवायचा. आमचे हे टोमॅटोच्या फवारणीचं एक भाषण लावतात. करपा कसा ओळखावा, औषध किती घालावं. आमच्या शिवारातल्या साहेबाला आता करप्यावर व्याख्यान देता येईल. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कुत्र्यांकडं कान ठेवायचा. तो लांब असला की कुत्री आभाळ डोक्यावर घेतात. जवळ आला की एकाएकी गप्प होतात. भुंकणं ऐकू येतंय तोवर बरं म्हणायचं. थांबलं की घरात जायचं, कडी लावायची.

या रीतीत आमची इशू बसेना. इशू म्हणजे ईश्वरी, आमची एकुलती एक, तेव्हा नुकतीच पहिलीत गेलेली. तिच्या देखत एका संध्याकाळी त्यानं आमचा बंड्या नेला. बंड्या आमचा कुत्रा. ती अंगणातल्या नळावर पाय धूत होती आणि बंड्या तिच्या शेजारीच पाणी पीत होता. मी पाच हातांवर ओट्यावर तांदूळ निवडत होते. मला फक्त बादली आडवी झाल्याचा आवाज आला. वर बघते तर इशू उभी, हात उसाकडं केलेला, तोंड उघडं, आणि तोंडातून चकार शब्द नाही. त्या घडीला मला बंड्याचं काहीच वाटलं नाही. तिला उचलून आत घेतली तेव्हा तिचे दात एकमेकांवर वाजत होते.

तेव्हापासून ती भ्यायली की गप्प व्हायची. एरवी शाळेतल्या बाईंची नक्कल करणारी, चुलीपुढं बसून कविता म्हणणारी पोर. पण अंधारात मांजर आडवं गेलं, कुणी जोरात दार लावलं, की जागच्या जागी थिजायची. आम्ही तिला शिकवलं. यांनी अंगणात उभं करून सांगितलं, “इशे, आरडायचं. काय बी आरड. आईच्या नावानं आरड, न्हाईतर पाढं म्हण.” दिवसा ती छान ओरडायची. मग मी मुद्दाम तिन्हीसांजेला गोठ्याच्या आडोशाला उभं राहून उसाचं वाळकं पाचट हलवलं, आणि माझी लेक पांढरीफटक होऊन उभी राहिली. तिला पोटाशी धरून मी म्हटलं, अगं मी आहे, मी. रात्री कडी लागल्याचा आवाज ऐकल्याशिवाय ती डोळे मिटायची नाही. लोखंडी कडी, लावताना चांगली खणकन वाजते. ती वाजली की म्हणायची, “लागली,” आणि झोपायची.

त्या हंगामात वरच्या अंगाला काय काय घडलं ते मी इथं लिहिणार नाही. ज्यांच्या घरी घडलं त्यांनाच ते माहीत. एवढंच सांगते, की मळ्यावरची लहान लेकरं एकेक करून निघून गेली. कुणी चाकणला मामाकडं, कुणी भोसरीला मावशीकडं. दुपारी पोरांचा गलका ऐकू येईना. पोरांच्या गलक्यानंही तो लांब राहत असणार, असं माझ्या मनात यायचं. शेवटी यांनीच विषय काढला. म्हणाले, “आपली तर आरडत बी न्हाई. बाकीची पोरं ऱ्हातील एकवेळ. आपली कशी ठेवायची?”

माझ्या मोठ्या नणंदबाई, सुनंदावन्सं, कोरेगाव पार्कात एका बंगल्यात स्वयंपाक करतात. त्यांचे मालक, म्हणजे आमचे दाजी, त्याच बंगल्याची गाडी चालवतात. मागच्या बाजूला दोघांना एक खोली आहे, पोरबाळ काही नाही. बंगल्याचे मालक वर्षातला बराच काळ परदेशात असतात. वन्संनी त्यांना फोनवर विचारलं, आणि त्यांनी सांगितलं की भाचीला खुशाल ठेवा, भाऊ-भावजय पोहोचवायला येतील तेव्हा खालची पाहुण्यांची खोली उघडा. वन्सं मला म्हणाल्या, “वहिनी, चार दिवस ऱ्हा, फिरा, बघा. मंग ठरवा. माझी जबरदस्ती न्हाई.” त्यांचा आवाज मात्र जबरदस्ती करायची इच्छा असल्यासारखा येत होता. घरात लेकरू येणार म्हणून त्यांनी आधीच पाटी-दप्तर आणून ठेवलं होतं, हे मला नंतर कळलं.

आम्ही नारायणगावातून एसटीनं निघालो. यांनी बरोबर काठी घेतली. आमच्याकडं बाहेर पडताना घेतात ती, शेंड्याला घुंगरं बांधलेली. मी म्हटलं, अहो, कोरेगाव पार्कात जातोय आपण, लोक काय म्हणतील? तर म्हणाले, “हातात काय नसलं की आता पाऊल पडत न्हाई माझं.” मग काठीही एसटीत बसली. घोडनदीचा पूल गेला, मंचर गेलं, खेड गेलं. चाकणच्या पुढं ऊस संपला तसं मी पहिल्यांदा पाठ टेकून बसले. माणसाला आपण किती दिवस ताठ बसलोय हे टेकल्यावरच कळतं.

रिक्षावाल्यानं काळ्या लोखंडी दरवाज्यापुढं सोडलं. दुपारची वेळ. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी थोराड वड, त्यांच्या पारंब्या पार रस्त्यावर लोंबलेल्या, आणि ऊन नुसतं ठिपक्याठिपक्यांनी खाली येणारं. पुण्यात इतकी झाडी असेल असं मला वाटलं नव्हतं. बंगल्यांना दगडी कुंपणं, कुंपणांवर माणसापेक्षा उंच मेंदीच्या भिंती, त्यांच्या आड काय आहे ते दिसत नाही. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, काय गारवा आहे, काय शांत आहे. आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं. यांनी इशूला मधे घेतलं, मी मागं झाले. कुणी कुणाला सांगितलं नाही.

पाहुण्यांची खोली तर विचारू नका. गादी अशी की माणूस बसलं की आत जातं. न्हाणीघरात पांढरेशुभ्र टॉवेल, वापरायचे की नुसते बघायचे ते कळेना. पण बागेकडची अख्खी भिंत काचेची. वरपासून खालपर्यंत काच, आणि काचेपलीकडं केळीची, जास्वंदीची, आणखी कसल्या कसल्या रुंद पानांची दाटी. वन्सं कौतुकानं म्हणाल्या, “हितनं बाग लई छान दिसती बघा.” मला वाटलं, बागेतून आपणही छान दिसत असणार. दार म्हणजेही एक काचच. बाजूला सरकवायची, आवाज न होता बंद व्हायची. इशू बराच वेळ त्या दारापाशी उभी राहिली. मग हळूच मला म्हणाली, “आई, हिची कडी कुटंय?”

कडी नव्हती. एक बारीकसा खटका होता, तो लागला की नाही तेही कळायचं नाही. संध्याकाळी मी कपाटातल्या होत्या नव्हत्या त्या चादरी काढून काचेवर लावल्या. चिमटे मागितले तेव्हा वन्सं हसल्या, आणि मग माझ्या तोंडाकडं बघून स्वतःच स्टूल घेऊन आल्या. त्याही याच शिवारात वाढलेल्या. म्हणाल्या, “मी आले तवा मी बी महिनाभर खिडकी उघडली न्हवती. कुणाला बोलले न्हाई.”

दुसऱ्या दिवशी दाजींनी आम्हाला सगळं हिंडून दाखवलं. दुकानं बघितली. एका दुकानाच्या एवढ्या मोठ्या काचेत एकच झगा टांगलेला, बाकी सगळी जागा रिकामी. हे म्हणाले, “माल संपलाय जणू.” नाल्याकाठची बाग बघितली. नाला म्हणायचा, पण त्याच्या कडेनं बांबूची बनं आणि दगडी वाटा, आणि वाटांवर माणसं कानात बोंडं घालून एकेकटी चालत होती. एकेकटी, आणि कान बंद करून. मला त्यांना धरून हलवावंसं वाटलं. पूल बघितला. पुलाच्या अलीकडं केकचं दुकान, तिथं दाजींनी इशूला गुलाबी केक घेऊन दिला आणि ती नाकाला लागेपर्यंत खात होती. आमच्यापुढं चहा म्हणून जे आलं त्यावर फेसाचं पान काढलेलं होतं. ते मोडायचं कसं म्हणून हे कप हातात धरून बसले. दिवस छान गेला, असं म्हणायला हरकत नाही. माझ्या मानेवरचे केस मात्र दिवसभर उभे होते. कशामुळं ते मला सांगता येत नव्हतं.

संध्याकाळी परत येताना यांनी ते सांगितलं. वडाच्या गल्लीत दिवे लागले होते, पिवळे, मंद, पानांत अडकलेले. हे मधेच थांबले आणि म्हणाले, “हितं कुत्री का भुकत न्हाईत?”

मी ऐकलं, आणि इशूचा हात घट्ट धरला. खरंच, कुत्री होती. सकाळपासून आम्ही कितीतरी बघितली होती. पट्टा बांधलेली, केस विंचरलेली, एकाला तर लोकरीचा स्वेटर घातलेला. आणि एकही भुंकलं नव्हतं. दिवसभर या सगळ्या गल्लीत कुत्र्याचा आवाज नाही. मला माहीत होतं की हे शहर आहे. माझं डोकं मला सांगत होतं, बाई, इथं कुठून येणार तो? पण भीती डोक्यातून येतच नाही. यांनी काठी आपटली, घुंगरं वाजली. फोन काढला आणि करप्याचं भाषण पूर्ण आवाजात सुरू केलं. आम्ही तिघं मेंदीच्या भिंतीपासून लांब, रस्त्याच्या मधोमध, एकमेकांना धरून चालायला लागलो. दाजी बिचारे मागून “अहो पावणं, अहो” करत येत होते.

त्या स्वेटरवाल्या कुत्र्याच्या बाई समोरून आल्या. चांगल्या होत्या, अजिबात रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “आवाज जरा कमी कराल का? इथे शांतता असते.”

हे म्हणाले, “ताई, शांतता हाये म्हणूनच लावलाय.”

त्यांना काय कळणार? तेवढ्यात वरून आवाज आला. खरर्र, खरर्र, जाड लाकडावर करवत ओढल्यासारखा. ज्यानं तो आवाज उसातून ऐकलाय त्याला सांगायला नको. बिबट्या असाच बोलतो. हे वळले, मी वळले, आमच्या दोघांच्या पाठी एकमेकींना लागल्या आणि इशूला मी पोटाशी ओढलं. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण शेजारच्या बंगल्यांतले दिवे लागले. आणि माझ्या पोटाशी दाबलेली माझी लेक नुसती थरथरत होती. मी तिला म्हणत होते, ओरड, इशू, ओरड. ती ओरडली नाही.

वडावर एक माणूस होता. दिव्याच्या तारेत आलेली फांदी कापत होता. त्यानं करवत थांबवून खाली वाकून विचारलं, “क्या हुआ?”

समोरच्या फाटकावरचा सिक्युरिटीवाला धावत आला होता. त्यानं काठीकडं बघितलं, घुंगरांकडं बघितलं, फोनमधून चाललेलं भाषण ऐकलं आणि त्याचा चेहरा एकदम बदलला. म्हणाला, “जुन्नरकडचं का पावणं?” मग त्या बाईंना म्हणाला, “मॅडम, जाऊ द्या. आमच्याकडं असंच चालत्यात.” तो डिंभ्याचा होता, धरणाकाठचा. त्याची बायको-पोरं तिकडंच होती. आमच्याबरोबर काळ्या दरवाज्यापर्यंत चालत आला आणि सबंध वाटेत मोठ्यानं बोलत आला. एसटी वेळेवर येते का, मासे कसे लागतायत, उसाला टोळी मिळाली का. शेवटी म्हणाला, “लई दिवसांनी असं बोलत चाललो राव. हितं सवय मोडली.” त्या गल्लीत मला पहिल्यांदा बरं वाटलं ते तेव्हा.

इशू त्या रात्री जेवली नाही, बोलली नाही. मी पडल्या पडल्या ठरवलं, की हिला परत न्यायची. भीती इथंही तेवढीच. मग निदान आईजवळ तरी राहील.

सकाळी उठले तर अंथरुणात इशू नाही. काचेचं दार सरकवलेलं. बागेत बघितलं, नाही. फाटक उघडं. अनवाणी रस्त्यावर आले तर वडाखाली ते स्वेटरवालं कुत्रं उभं होतं, त्याच्या बाई उभ्या होत्या, आणि इशू खाली बसली होती. उकिडवी, मान खाली घालून, कुत्र्याच्या गळ्यात दोन्ही हात टाकून. अंगणात, रानात, कुठंच आम्ही तिला असं बसू दिलं नव्हतं. ‘ऊठ’ हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. तेवढ्यात कुत्र्यानं तिचं तोंड चाटलं आणि ती हसली. खळखळून, मोठ्यानं, त्या शांत गल्लीत घुमेल असं. बंड्या गेल्यापासून घराबाहेर तिचं असं हसणं मी ऐकलं नव्हतं.

मी तिथंच उभी राहिले. ऊठ म्हणाले नाही. तिला इथं ठेवायची हे त्या क्षणी ठरलं आणि मला इतका आनंद झाला आणि इतकं वाईट वाटलं, की दोन्ही एकदम कसं वाटू शकतं, हे अजूनही मला उमगलेलं नाही. निघताना ती रडली. मीही रडले. यांनी घुंगरांची काठी तिच्या अंथरुणाशेजारी उभी करून ठेवली आणि रिकाम्या हातानं एसटीत बसले.

परत आलो त्याच आठवड्यात शेजारच्या उसाच्या फडात टोळीला बिबट्याची पिल्लं सापडली. मांजराएवढी, डोळे जेमतेम उघडलेले. वनखात्याची माणसं आली. त्यांनी आमच्याकडूनच टोमॅटोचं रिकामं कॅरेट नेलं, पिल्लं त्यात ठेवली आणि कॅरेट त्याच जागी फडात ठेवून सगळ्यांना लांब केलं. त्यांची आई अंधारात येते आणि एकेक उचलून नेते म्हणे. सकाळी कॅरेट रिकामं होतं. सगळे म्हणाले, बरं झालं. मलाही बरंच वाटलं. पण ते कॅरेट धुऊन पालथं घालताना मला तिचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू? तिनं आपलं उचलून नेलं. मी माझं ठेवून आले होते.

हंगाम संपला की आणू, असं म्हटलं होतं. हंगाम संपतो कुठं? एक फड तुटतो, दुसरा वाढलेला असतो. इशू आता दुसरीत आहे. दिवाळीला आली होती. दिवसा अंगणात खेळली, तिन्हीसांजेला आपण होऊन आत आली आणि कडी वाजेपर्यंत दाराकडं बघत बसली. कोरेगाव पार्कात ती म्हणे अंधारातही एकटी फाटकापर्यंत जाते. रोज दिवेलागणीला मात्र तिचा फोन येतो. मी गोठ्यात निघायच्या वेळेला, बरोब्बर. म्हणते, “आई, स्पीकर लाव.” मग मी बोलत बोलत धारा काढते, बोलत बोलत परत येते. ती फारसं बोलत नाही. हं, हं करते. तिला माझी सोबत लागते म्हणून ती फोन करते, असं वन्संना वाटतं. सोबत कोण कुणाला करतं ते आम्हा दोघींना माहीत आहे.

काल वाढ्यांचा वास आला. हे टोमॅटो घेऊन बाजारात गेले होते. विहिरीवरची मोटार बंद करायची राहिली होती. विहीर हाकेच्या अंतरावर आहे, पण मधे शेजाऱ्यांचा फड, अर्धा तुटलेला, अर्धा उभा. टोळी नुकतीच उठून गेली होती. इशूचा फोन आला, स्पीकर लावला, आणि आज भाजी काय केली ते सांगत मी निघाले. मोटार बंद केली. मोटारीचा आवाज थांबला तेव्हा वस्तीवरच्या कुत्र्यांचं भुंकणं ऐकू आलं. मी वळले, चार पावलं टाकली, आणि कुत्री गप्प झाली. सगळी, एकदम.

“इशू?” मी म्हटलं. उत्तर नाही. विहिरीपाशी रेंज जाते कधी कधी. फोन कटला असणार. पण बघायचं तर मान खाली घालावी लागणार, आणि ती घालायची माझी छाती होईना. डाव्या हाताला उभ्या उसात पाचट वाजलं. वारा नव्हता. बोलायला पाहिजे होतं, मोठ्यानं, आणि माझ्या डोक्यात एक शब्द शिल्लक नव्हता. आणि मग माझ्याच तोंडून निघालं, “रिक्षातून उतरलं की काळा दरवाजा!” मी ओरडले. “मग वडाची गल्ली! पारंब्या बघाव्यात! मग एका झग्याचं दुकान! मग स्वेटरवालं कुत्रं, ते भुंकत न्हाई, त्याला भ्यायचं न्हाई! मग बांबूची बाग!” उसाकडं तोंड ठेवून, पाऊल मागं मागं टाकत, मी ऊर फुटेस्तोवर ओरडून उसाला कोरेगाव पार्क दाखवत होते. मग पुढचं आठवेना. मी थांबले, आणि सगळं शिवार थांबलं.

“आई!”

हातातून आवाज आला. फोन कटला नव्हता. मी बोलत होते तेव्हा ती सगळा वेळ ऐकत होती, गप्प, श्वास धरून. थिजली होती ती, तिथं, काचेच्या खोलीमागं, आत्याच्या घरात. आणि आता ओरडत होती, किंचाळतच होती म्हणा. “आई, केकचं दुकान ऱ्हायलं! पुलाच्या अलीकडं! थांबू नको, बोल!” मला बोलवेना. मग तीच बोलायला लागली. केक सांगितला, पूल सांगितला, पुन्हा काळ्या दरवाज्यापासून सुरुवात केली, एकेक गल्ली, एकेक झाड, आणि मी तो आवाज उसाच्या बाजूला धरून चालत सुटले. अंगण आलं, ओटा आला. मागून वन्संचा घाबरा आवाज ऐकू येत होता, “अगं इशू, झालं काय? हळू बोल.” ती हळू बोलली नाही.

मी आत आले. दाराला टेकून तशीच खाली बसले. घाबरली की ओरडता येत नाही म्हणून मी ज्या पोरीला लांब ठेवली होती, तिनं मला ओरडून घरी आणलं होतं. म्हटलं, “इशू, पोचले गं. आले घरात.”

तिकडून धापा टाकल्याचा आवाज येत होता.

“कडी लाव,” ती म्हणाली. “मला ऐकू यिऊ दे.”

मी उठले, आणि फोन दाराशी धरून कडी लावली.